छोट्या विमानाचं दार

"मागे वळून बघायचं नाही. छत कोसळलं तरी नाही. त्या सांगतील तेवढंच करायचं, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

आमच्या कोच मॅडमनी मला पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. मी मान डोलावली. तेवढ्यात वन्सं खुर्चीतून म्हणाल्या, "मॅडम, गप्प बसायला तिला शिकवू नका. लग्न होऊन आली तेव्हा कितीतरी दिवस आम्हाला वाटत होतं, दादानं मुकी बायको आणली."

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लहानपणीच्या दुखण्यानं त्यांच्या हातापायांतली ताकद गेली ती गेलीच. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हुकमात आहेत. त्या दोन बोटांवर त्या विजेची खुर्ची चालवतात, फोन चालवतात, आणि जिभेवर आमचं घर चालवतात. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी हा चेंडूंचा खेळ धरला, आणि मला मदतनीस म्हणून ओढलं.

खेळ तसा सोपा. आधी एक पांढरा चेंडू टाकायचा. मग एकानं आपले लाल आणि दुसऱ्यानं आपले निळे चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे. ज्यांच्या हातात फेकायची ताकद नाही, त्यांच्यासाठी उतरती पन्हळ असते. मदतनीस ती धरून बसतो, खेळाडू सांगेल तशी डावी-उजवी फिरवतो, वर चेंडू ठेवतो, आणि खेळाडू बोटानं तो सोडतो. मात्र मदतनिसानं मैदानाकडे पाठ करून बसायचं. बघायचं नाही, सुचवायचं नाही, हुं की चूं करायचं नाही. तसं केलं तर पंच दंड लावतात. म्हणजे सबंध सामन्यात मला दिसतो तो फक्त वन्संचा चेहरा. बाकीचा सामना मी कानांनी ऐकते. कातडी चेंडू कातडी चेंडूला लागला की एक मऊ आवाज होतो. त्यावरून थोडंफार समजतं.

मला हे काम मनापासून आवडलं. पहाटेचा जप मी कधी चुकवत नाही, आणि जपात तरी वेगळं काय असतं? समोर काय चाललंय ते न बघता बोटं चालवायची आणि बाकीचं ज्याचं त्याच्यावर सोडायचं. वन्सं म्हणतात, "देवानं आणि मी तुला वाटून घेतलंय. सकाळी तो, संध्याकाळी मी."

दोन वेळा आम्ही उपान्त्य फेरीत हरलो होतो. या वेळच्या स्पर्धेतून देशाच्या संघात एक जागा भरायची होती, आणि वन्संची ही शेवटची स्पर्धा होती. तसं त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं. "पाठ आता ऐकत नाही गं. या वेळी जमलं तर जमलं. नाहीतर पुढच्या वर्षीपासून तुमच्या बैठकीत लोळून दादाला बातम्या बघू देणार नाही." त्यांचा कणा वाकलेला आहे. खुर्चीची गादी त्यांच्या अंगाचा साचा घेऊन बनवलेली आहे. दुसऱ्या कुठल्याही खुर्चीत त्या थोड्याच वेळात एका बाजूला घसरतात, मग हात चालत नाही आणि श्वासही धड घेता येत नाही. ती खुर्ची नसेल, तर खेळ नाही. स्पर्धेच्या दिवशी सकाळी खुर्ची, पन्हळ आणि चेंडू यांची तपासणी होते. त्या वेळी जे समोर नसेल, ते बाद.

आमच्या गावाजवळच्या विमानतळावरून तिथे थेट विमान जात नाही. एका मोठ्या विमानतळावर उतरून दुसरं विमान धरायचं होतं. ह्यांनी सोडायला आल्यावर विचारलं, "मध्ये वेळ आहे ना?"

"भरपूर," मी म्हटलं.

तो भरपूर वेळच आमच्या अंगाशी आला.

उतरलो ते टर्मिनल नवंकोरं होतं, सगळं काचेचं आणि लखलखीत. तिथे घोषणा करत नाहीत. तशी पाटीच लावलेली होती, की आवाजाचा त्रास नको म्हणून प्रवाशांनी कृपया बोर्डाकडे लक्ष ठेवावं. मला तर देवळाच्या गाभाऱ्यासारखं शांत वाटलं. आमचं गेट सापडलं, मी खिडकीशी कोपरा धरला, वन्संना पाणी पाजलं. त्यांचं लक्ष मात्र पायाखाली.

"वहिनी, ही फरशी बघितलीस?"

"छान आहे हो."

"छान काय! आरसा आहे आरसा. असं मैदान आपल्याला गावात कधी मिळालंय? ग्रामपंचायतीच्या हॉलात चेंडू सोडला की दरवेळी खड्डा शोधत जातो. काढ पन्हळ."

"इथे? लोक काय म्हणतील?"

"लोकांना त्यांचं विमान गाठायचंय. काढ."

काढली. पिशवीतून पन्हळ काढून जोडली, चेंडू काढले, आणि नेहमीच्या सवयीनं वन्संकडे तोंड आणि हॉलकडे पाठ करून बसले. बोर्ड माझ्या पाठीमागच्या भिंतीवर. वन्संच्या समोर होता, पण त्यांचे डोळे जमिनीवरच्या पांढऱ्या चेंडूला चिकटलेले. 'डावी. जरा अजून. बस. वर घे. ठेव.' फेरी संपली की मी उठून चेंडू गोळा करायची, तीसुद्धा खाली बघत. फार सुरेख सराव झाला. एवढ्या लांबवरून वन्संचे चेंडू पांढऱ्याला असे बिलगत होते, की मलाच मोह पडला आणि मीही आणखी एक फेरी मागितली.

शेवटी फरशी पुसायचं यंत्र ढकलत एक सफाईवाली बाई आली. "जरा चेंडू उचलता का, ताई? कुठे जायचंय तुम्हाला?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"अगं बाई! मग इथे कशा बसलात? इथली सगळी माणसं मघाशीच उठून गेली. बोर्ड बघितला नाही?"

मी वळले. हॉल ओस पडलेला. आणि भिंतीवर आमच्या विमानापुढे लाल अक्षरं चमकत होती. विमान बदललं आहे. टर्मिनल बदललं आहे.

"मोठं विमान बिघडलं की छोटं देतात," सफाईवाली म्हणाली. "आणि छोटी सगळी जुन्या टर्मिनलवरून सुटतात. खाली उतरा, बस मिळेल. पळा आता. अहो म्हणजे... पळा म्हणजे..."

"पळते की," वन्सं म्हणाल्या. "माझीच तेवढी मोटार आहे. हिचं सांभाळा, ही पायी आहे."

आणि खरंच त्या पुढे सुटल्या. मी पन्हळ काखेत, चेंडूंची पिशवी खांद्यावर, अशी मागे धावतेय. त्या सारखं वळून, "ये गं, ये गं," करताहेत. लिफ्टमध्ये मला हसूही येत होतं आणि रडूही. वन्सं म्हणाल्या, "अख्ख्या जगात आपण दोघीच अशा असू, ज्यांचं विमान सराव जास्त झाला म्हणून चुकलं."

"चुकलं नाही अजून," मी म्हटलं.

"मग जप कर. आणि जपता जपता पाय उचल."

खाली बस उभी होती. चालकानं खुर्चीकडे बघितलं आणि मान हलवली. "घडी होते का हिची?"

"माझी होईल," वन्सं म्हणाल्या. "हिची नाही."

बसच्या दाराशी तळात दडपलेली एक लोखंडी फळी होती, खुर्ची चढवायचीच. पण ती कुणी कधी बाहेर काढलेली दिसत नव्हती. मातीनं घट्ट बसलेली. चालक वाकून ओढू लागला. आतली दोन माणसं न सांगता उतरली आणि त्यांनीही हात घातला. फळी कुरकुरली, हलली आणि धाडकन बाहेर आली. चालक घाम पुसत म्हणाला, "इतकी वर्षं ही बस चालवतोय, आज कळलं ही निघते म्हणून."

जुन्या टर्मिनलचं गेट म्हणजे एक बुटका हॉल आणि एक टेबल. टेबलामागे निळ्या कोटातला एक तरुण कर्मचारी. आम्हाला बघून त्याचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. बाकीचे प्रवासी बसमधून विमानापाशी गेले होते, आमच्याच दोन जागा राहिल्या होत्या. पण खुर्चीवर नजर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. तो माझ्याशी बोलू लागला.

"ही खुर्ची मोठ्या विमानात गेली असती. या विमानाच्या सामानाच्या कप्प्याला दार अगदी बुटकं आहे. ह्यांना आत्ता पाठवतो, खुर्ची उद्या दुपारच्या मोठ्या विमानानं येईल. किंवा दोघी उद्याच जा, राहायची सोय करतो. ह्यांना चालेल ना?"

मी म्हटलं, "त्यांनाच विचारा. मी फक्त पन्हळ धरते."

तो बिचारा ओशाळला. वन्संकडे वळून त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नीट, अदबीनं. वन्संनी ऐकून घेतलं.

"उद्या सकाळी माझी तपासणी आहे. खुर्चीशिवाय मी तिथे जाऊन काय करू? पोत्यासारखी कोपऱ्यात पडून टाळ्या वाजवू? त्यासुद्धा मला वाजवता येत नाहीत."

"मला कळतंय मॅडम, पण दारच..."

"दार केवढं आहे?"

"म्हणजे?"

"दार बुटकं, बुटकं म्हणताय. ते केवढं बुटकं आहे? तुम्ही स्वतः मापलंय?"

त्यानं हातातल्या वायरलेसवर कुणाला तरी विचारलं. पलीकडून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला, "इथून काय सांगू? घेऊन या खाली. समोर ठेवू, मग कळेल."

ती बाई म्हणजे सामान चढवणाऱ्यांची मुकादम. आम्ही विमानापाशी पोचलो तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून उभी होती. केसांवर टोपी, कानांवर आवाज अडवायची बोंडकं, अंगात चमकता पट्टा असलेलं जाकीट. विमान खरंच छोटं होतं. शेपटाकडे सामानाचं दार उघडं होतं, माझ्या छातीला लागेल एवढंच उंच. शेजारी प्रवाशांची बस उभी होती आणि सगळ्या खिडक्यांतून माणसं आमच्याकडे बघत होती.

मुकादमीनं खुर्चीला एक चक्कर मारली. "अशी तर नाही जाणार. पाठ दुमडते?"

"पुढे दुमडते," वन्सं म्हणाल्या. "डोक्याची उशी निघते. हात निघतात. चालवायचा दांडा बाजूला वळतो. बॅटरीची वायर सुटते. सगळं हिला येतं."

"मग उतरा. पण लवकर. विमान थांबवून धरायला ते काही माझ्या बापाचं नाही."

विमानतळाच्या दोघा माणसांनी वन्संना उचलून विमानात न्यायच्या अरुंद खुर्चीत ठेवलं. त्या लगेच डावीकडे कलल्या. मी माझी शाल त्यांच्या छातीभोवती फिरवून पाठीला बांधली. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण डोळे मात्र सामन्यात असतात तसे. मी विजेच्या खुर्चीपाशी, वन्संकडे तोंड करून, गुडघे टेकले. विमान माझ्या पाठीमागे होतं.

"उशी," वन्सं म्हणाल्या.

उशी काढली.

"डावा हात. उजवा. दांडा बाहेर वळव. वायर. खालचा खटका दाब आणि पाठ सावकाश पुढे घे. सावकाश गं, माझीच पाठ आहे ती. बस."

निळ्या कोटवाला माझ्यावर वाकला, "अहो, जरा वळून दार बघून घ्या, म्हणजे तुम्हाला अंदाज..."

"तिला काही सांगू नका," वन्सं कडाडल्या. "तिला मी सांगते. तुम्ही दार धरा."

मुकादम फसकन हसली. तिची दोन माणसं खुर्ची सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर चढवून दारापाशी नेत होती. मी गुडघ्यांवर तशीच बसून होते. मला फक्त वन्संचा चेहरा दिसत होता. तो आधी आशेनं पुढे झुकला आणि मग थबकला.

"दोन बोटं," मुकादमीचा आवाज आला. "फक्त दोन बोटं अडतंय. ताई, आणखी काही निघतं का हिचं?"

काहीच निघण्यासारखं उरलं नव्हतं. पाठीमागे एक इंजिन गुरगुरत होतं. निळ्या कोटवाल्यानं घड्याळाकडे बघून नजर खाली घातली. माझ्या ओठांवर आपोआप देवाचं नाव आलं. वन्संचे डोळे मात्र खुर्चीवरून हळूहळू खाली उतरत गेले, चेंडू सोडण्याआधी पन्हळीवरून उतरतात तसेच. चाकांपाशी येऊन ते थांबले.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "हवा सोड."

"काय?"

"टायरांतली हवा सोड. सगळी. चारही चाकांची."

मुकादमीनं टोपी मागे सारली. "आणि पोचल्यावर?"

"पोचल्यावर तिथे माणसं नसतात का? गाव आहे की जंगल? तिथे कुणाकडे पंप नाही?"

मी उठून पट्ट्यावर चढले. प्रत्येक चाकाची टोपी फिरवली, नखानं आतली कळ दाबली. फुस्स करत हवा सुटत गेली आणि एकेक कोपरा बसत गेला. आमची एवढी मोठी खुर्ची दमल्या म्हशीसारखी खाली टेकली. मुकादमीनं माणसांना डोळ्यांनीच खूण केली. लोखंडाला लोखंड घासल्याचा बारीक आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही, आणि मग आतून कुणीतरी ओरडलं, "आली!"

बसमधून टाळ्या ऐकू आल्या. तेव्हा कुठे मी वर बघितलं. सगळ्या काचांना माणसांचे तळवे चिकटलेले.

पण तेवढ्यानं भागलं नाही. मुकादम खाली उतरली, तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "खुर्ची आत गेली, पण तिनं निम्मा कप्पा खाल्ला. एवढ्या बॅगा आता बसत नाहीत. काही उद्याच्या विमानानं पाठवाव्या लागतील. कुणाच्या काढू, ते मी कसं ठरवणार?"

निळ्या कोटवाला कोट सारखा करून सरळ बसमध्ये चढला. दार उघडंच होतं, त्याचं सगळं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. त्यानं काहीच लपवलं नाही. विमान बदललं ही आमच्याकडची अडचण, ह्या बाई उद्या खेळायला चालल्या आहेत, खुर्ची आत गेली आहे, जागा कमी पडते आहे. ज्यांची बॅग उद्या आली तर चालेल, त्यांनी कृपया सांगावं. घरपोच आणून देऊ.

बसमधली माणसं एकमेकांकडे बघू लागली. वन्संनी मान फिरवली. कुणाकडे काही मागायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे.

"माझी काढा," आतून एक म्हातारा आवाज आला. मग काठी टेकत एक आजोबा बसच्या पायरीवर आले. लोकरीची टोपी, जाड भिंगं. "तपकिरी, तिला दोरी बांधलीय. आत फक्त कपडे आहेत, आणि मला काही लग्नाला जायचं नाही."

"माझीपण," मागून एक तरुणी म्हणाली.

"आमच्या दोन्ही काढा. अहो, एकीत सगळे तुमचेच बूट आहेत, गप्प बसा!" हे एका बाईनं नवऱ्याला सुनावलं.

मग हात वर होतच गेले. शेवटी मुकादम खालून ओरडली, "पुरे! आता माझं विमान रिकामं करता का?"

आजोबा मात्र पायरीवरच उभे होते. वन्संची अरुंद खुर्ची जवळून नेताना त्यांनी काठी आडवी धरली. "एक मिनिट. हा खेळ कसला असतो?"

वन्संनी दोन वाक्यांत सांगितला.

"बघायला मिळेल का?"

"मिळेल की. या ना उद्या."

"कुठला येतोय! माझ्या बहिणीचा पाय मोडलाय, तिच्याजवळ बसायला चाललोय. तिला सोडून हलता यायचं नाही." त्यांनी जरा विचार केला. "पण मग तुम्ही मला येऊन सांगा. सगळं, पहिल्या चेंडूपासून. फोनवर नको, फोनवर मला अर्धंच ऐकू येतं. बहिणीलाही करमणूक. बाजारपेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या अंगणात तिचं घर. तळमजला आहे, खुर्ची येईल."

"हरले तरी येऊ?"

"हरलात तर आधी या. जिंकलेल्यांकडे बोलायला खूप माणसं असतात."

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. नेहमीचं काही फटकळ बोलतील असं मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "येईन. मी स्वतः येईन."

उडताना खिडकीतून खाली मुकादम दिसली. तिनं टोपी काढून हवेत फिरवली. मी काचेतून हात जोडले. वन्संचं अंग दुखत होतं, सगळा वेळ मी त्यांना धरून बसले होते, तरी त्या म्हणाल्या, "बघ, आपण सराव करत बसलो म्हणून उशिरा आलो, म्हणून सगळी बस बघायला होती. लवकर आलो असतो तर कोपऱ्यात चौघांनी आपल्याला गुपचूप उद्यावर ढकललं असतं."

"म्हणजे चूक केली ते बरंच झालं म्हणायचं?"

"मी चूक करत नाही. मी मैदान बघत होते."

तिकडे उतरलो तर विमानाच्या पायथ्याशी विमानतळाची अग्निशमन गाडी उभी. विमानालाच काही झालं समजून मी वन्संना घट्ट धरलं. पण तिच्यातून दोन जवान हवेची नळी घेऊन उतरले. मुकादमीनं पलीकडून निरोप धाडला होता. त्यांनी चारही चाकं टणटणीत फुगवली, मी पाठ उभी केली, उशी लावली, खुर्चीचे हात बसवले, वायर जोडली. वन्संना त्यांच्या साच्यात ठेवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून एवढा मोठा श्वास घेतला, की जवानही नळी गुंडाळायची थांबवून बघू लागले. मग बोट हललं, आणि खुर्ची गर्रकन वळली.

तपासणीत सगळं पास झालं. पुढचे दोन दिवस सामने होते. मी रोज पहाटे उठून जप केला, उपास धरून सूर्य मावळल्यावरच काय ते खाल्लं, आणि उरलेला सगळा वेळ वन्संच्या चेहऱ्याकडे तोंड करून बसले. उपान्त्य फेरी पार पडली तेव्हा त्यांनी नुसती पापणी मिटली. त्यावरून मला कळलं.

अंतिम सामन्यात पलीकडे त्यांच्याहून निम्म्या वयाची खेळाडू होती. तिचा हात थंड, चेंडू नेमका. शेवटच्या फेरीपर्यंत गुण सारखे होते. त्या फेरीत एकामागून एक मऊ आवाज मी ऐकले, आणि वन्संच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. आमचा शेवटचा चेंडू माझ्या हातात आला. वन्सं सबंध मैदान बघत होत्या, मग एकाच ठिकाणी थांबल्या.

"उजवी," त्या म्हणाल्या. "थोडी. जास्त झालं. मागे. अजून केसभर मागे. वर घे, अगदी टोकाला. ठेव."

मी चेंडू ठेवला. त्यांनी बोट उचललं. चेंडू पन्हळीवरून गेला, फरशीवर लागला, आणि दूर, फार दूर, एकाला लागून दुसऱ्याला लागल्याचा आवाज आला. ठप, ठप. निळा ढकलला गेला की आमचाच लाल, ते मला कसं कळावं? मी वन्संकडे बघत राहिले. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मग खालचा ओठ थरथरला, आणि इतक्या वर्षांत जे मी कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. वन्सं ढसाढसा रडायला लागल्या.

"हरलो?" पंचांनी हात वर केला होता की नाही, मला ठाऊक नव्हतं, पण माझ्या तोंडून शब्द गेला.

"वेडे," त्या रडत म्हणाल्या, "वळ आता. वळ आणि बघ. पांढऱ्याला मिठी मारून बसलाय."

कोच मॅडम मैदानात धावत आल्या होत्या. माणसं उभी राहून ओरडत होती. ह्यांचा फोन वाजत होता, तो मी उचलून कानाला लावला, आणि मला काहीच बोलता येईना. पलीकडून हे म्हणाले, "काय झालं? अगं बोल ना. मुकी आहेस का?" वन्सं तिथून ओरडल्या, "दादा, सामान बांध! बहीण तुझी देशाची खेळाडू झाली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी वर्तमानपत्रवाले येणार होते. संघाचे फोटो, मुलाखती. कोच मॅडमनी वन्संना ठणकावून सांगितलं होतं, नवा गणवेश घालून तयार राहा.

पहाटे मी खिडकीशी बसून जप करत होते. मागे पलंगाजवळ हलकीशी घरघर झाली. वन्संना मी आधीच उठवून, स्वेटर चढवून, मांडीवर चेंडू आणि पदक देऊन खुर्चीत बसवलं होतं. त्यांनीच तसं सांगितलं होतं, पण कारण सांगितलं नव्हतं. आता त्या दारापाशी होत्या. गणवेश नाही, साधा स्वेटर. मांडीवर तो शेवटचा लाल चेंडू, आणि पदक त्याच्याखाली दाबून ठेवलेलं, खणखणू नये म्हणून. माझे डोळे त्यांच्याकडे गेलेले बघून त्या कुजबुजल्या, "तू तुझं पुरं कर. मध्ये उठू नको. मला वाट माहितीये, कालच विचारून ठेवली. ते म्हातारे लवकर उठत असतील."

मी मान हलवली. माळ पुढे सरकली.

त्यांनी बोटानं भिंतीवरची कळ दाबली, दार आपोआप उघडलं आणि न वाजता लागलं. थोड्या वेळानं खिडकीतून दिसलं, खाली अंगणाचा उतार उतरून खुर्ची रस्त्याला लागली. दुकानांची दारं अजून बंद होती. झाडू मारणाऱ्या एका माणसाला वन्संनी थांबून काहीतरी विचारलं, त्यानं झाडूनं डावीकडे दाखवलं, आणि त्या हळूहळू, आवाज न करता, घड्याळाच्या दुकानाच्या दिशेनं निघाल्या.